अब्बांची अ‍ॅम्बॅसेडर की मामूंची फियाट?

सदर : घराचा हिशेब

पाटोद्याहून एका बहिणीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये असं त्यांनी कळवलं आहे, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे. त्यातला कामाचा भाग असा :

"अस्सलामु अलैकुम. माझे सासरे गेल्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. त्यांची १९९२ ची डिझेल अ‍ॅम्बॅसेडर अंगणात उभी आहे. चालू आहे, पण महिन्यातून एक-दोनदाच बाहेर निघते. मोठे भाईजान म्हणतात, अब्बांची निशाणी आहे, घराबाहेर जाणार नाही. आमचे हे म्हणतात, ती विकू आणि कुर्ल्याच्या मामूंची प्रीमियर पद्मिनी घेऊ. मामू ६० हजारांत द्यायला तयार आहेत. गाडी १९९५ ची, पेट्रोलवरची, नुकतीच रंगवून घेतलेली. रोज रात्री दस्तरखानावर दोघा भावांचा हाच वाद. एक इंजिनाचं सांगतो, दुसरा अ‍ॅव्हरेजचं. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिसला न्यावं लागतं, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ह्यांचं दुकान, भाईजानची शाळा. त्यामुळे बहुतेक वेळा मीच सोबत जाते. मी गाडी शिकायला तयार आहे. नणंद लातूरला दिलेली आहे, ती काही बोलत नाही. या दोन गाड्यांतली कोणती ठेवावी, हे समजावून सांगाल का?"

वालेकुम अस्सलाम, बहीण. तुमच्या पत्रात प्रश्न एक दिसतो, पण आहेत तीन. या दोन गाड्यांत चालवायला सरस कोणती, हा पहिला. पाटोद्याच्या तुमच्या घराला सोयीची कोणती, हा दुसरा. आणि अम्मींना बीडला कशातून न्यायचं, हा तिसरा. तुमच्या घरी हे तिन्ही एकाच ताटात कालवले गेले आहेत. आपण ते वेगवेगळे वाढून घेऊ.

दोन गाड्या, दोन घराणी

आधी थोडी ओळख, कारण घरातल्या मुलांनी या गाड्या रस्त्यावर फारशा पाहिलेल्या नाहीत.

अ‍ॅम्बॅसेडर ही हिंदुस्थान मोटर्सची. बिर्लांनी १९४२ मध्ये ही कंपनी काढली आणि पुढे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला तिचा कारखाना उभा राहिला. मॉरिस ऑक्सफर्ड ही इंग्लंडची गाडी. तिच्या तिसऱ्या मालिकेचा साचा घेऊन १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्बॅसेडर निघाली. बाहेरचा आकार फारसा न बदलता ती २०१४ च्या मे महिन्यापर्यंत तयार होत राहिली. कलेक्टर, मंत्री, आमदार, सगळ्यांचं वाहन हेच. म्हणून आपल्याकडे जुन्या लोकांना अ‍ॅम्बॅसेडर म्हटलं की आधी लाल दिवा आठवतो.

पद्मिनी मात्र आपल्या महाराष्ट्राची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना टाकला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११००, तिच्यानंतर डिलाइट, मग १९७० च्या दशकात प्रेसिडेंट आणि पद्मिनी, असा हा वंश. नाव बदललं तरी लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. तुमच्या मामूंच्या कुर्ल्यातच ही गाडी जन्मली, हेही मामूंच्या प्रेमाचं एक कारण असावं.

परमिट-लायसन्सच्या त्या काळात बाहेरून गाडी आणणं जवळजवळ अशक्य होतं आणि इथल्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. ज्या घरात गाडी आली, त्या घरात ती सुनेसारखी आली आणि तीन पिढ्या नांदली. तुमच्या भाईजानचा हट्ट यातूनच आलेला आहे. त्याला हसू नका. पण हिशेब मांडताना तो थोडा वेळ बाजूला ठेवावा लागेल.

घाटात कोण पुढे?

आता भावांच्या पहिल्या वादाकडे, म्हणजे इंजिनाकडे वळू.

१९९२ च्या साध्या डिझेल अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं. ताकद साधारण ३७ अश्वशक्ती आणि रिकाम्या गाडीचं वजन साडेअकराशे किलोच्या आसपास. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन त्याहून लहान, १०८९ सीसीचं. ताकद साधारण ४० अश्वशक्ती आणि वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे पद्मिनीचं इंजिन लहान असून ताकद थोडी जास्त आणि ओढायचं वजन अडीचशे किलोंनी कमी. दर शंभर किलोमागे ताकद काढली तर पद्मिनीच्या वाट्याला ४.४ अश्वशक्ती येते, अ‍ॅम्बॅसेडरच्या वाट्याला ३.२.

पण पाटोद्यात गाडी रिकामी कधी निघते? सहा माणसं आणि सामान मिळून चारशे किलो धरा. आता पद्मिनीचं होतं ३.१ आणि अ‍ॅम्बॅसेडरचं २.४. म्हणजे भरलेली फियाट साधारण रिकाम्या डिझेल अ‍ॅम्बॅसेडरइतकी ओढते. चढावर, वेगात, ओव्हरटेक करताना फियाटच सरस. तुमच्या ह्यांचं म्हणणं इथे बरोबर आहे. भाईजानची गाडी इसुझूच्या १८०० सीसी पेट्रोल इंजिनाची असती, तर गोष्ट उलटी झाली असती. त्या इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्ती होती. पण ते इंजिन अ‍ॅम्बॅसेडरमध्ये १९९२ नंतर आलं.

तरी डिझेलचा एक गुण आकड्यांत दिसत नाही. ते कमी फेऱ्यांवरही दमदार ओढतं. सौताड्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर, बैलाच्या चालीनं, पण न थांबता ते वर येतं. फियाटचं इंजिन फिरवत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेला की जुन्या पेट्रोल गाडीचा आणखी एक त्रास सुरू होतो. पेट्रोल पंपात किंवा नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी घाटात मध्येच बसते. जुने ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकत आणि विडी संपेपर्यंत थांबत, ते याचसाठी. डिझेलला हा त्रास फारसा नाही. तिचं दुखणं निराळं : थंडीत सकाळी लवकर सुरू न होणं आणि बॅटरी बसली की ढकलावं लागणं. अ‍ॅम्बॅसेडर ठेवणाऱ्यानं घरात ढकलणारे हात किती, हेही मोजून ठेवावं.

एक गोष्ट दोघा भावांनी ध्यानात घ्यावी. वरचे आकडे नव्या इंजिनाचे आहेत. तीस वर्षांनंतर रिंग-पिस्टन झिजलेल्या इंजिनात त्यातलं किती उरलं, ते कागद सांगत नाही, चढ सांगतो. दोन्ही गाड्या जोखायच्या असतील तर पाच माणसं बसवून पाटोद्याहून सौताडा घाट उतरून जामखेडच्या बाजूला जा आणि लगेच परत चढा. काट्यावर इंजिनाचं तापमान किती चढतं ते बघा आणि मागे एकाला धूर बघायला बसवा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल-पंपाचं काम आलंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरतंय. एवढ्या एका फेरीत दस्तरखानावरच्या महिनाभराच्या वादाचा निकाल लागेल.

बसायला, उतरायला, वळवायला

अ‍ॅम्बॅसेडर पद्मिनीपेक्षा साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. मागच्या सीटवर ही एक वीतच तिसऱ्या माणसाला माणसासारखं बसू देते. दोन्ही गाड्यांत पुढे सलग बाकडं आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढेही तिघं बसतात. पण फियाटमध्ये तिसरा बसला की ड्रायव्हरचा कोपर त्याच्या बरगडीत.

आजारी आणि वयस्क माणसासाठी खरा प्रश्न उंचीचा असतो. अ‍ॅम्बॅसेडरची सीट खुर्चीसारखी उंच आहे, दार मोठं आहे, डोक्यावर जागा आहे. गुडघे दुखणारी बाई आधी बसते आणि मग पाय आत घेते. पद्मिनीत थोडं वाकून, खाली उतरून बसावं लागतं. शिवाय अ‍ॅम्बॅसेडर उंच चाकांवर उभी असल्यानं वस्तीवरच्या कच्च्या रस्त्यावर, पावसाळ्यात काळ्या मातीत चाकोऱ्या पडल्या तरी तिचं पोट सहसा घासत नाही. बालाघाटच्या डोंगराळ भागात ही लहान गोष्ट नाही.

वळवायच्या बाबतीत मात्र पद्मिनी पुढे. गाडी लहान, हलकी, बाजारपेठेच्या बोळात सहज मागे-पुढे होणारी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी चार दशकं हिच्यावर संसार केले ते उगाच नाही. आपल्याकडे काळी-पिवळी म्हटलं की जीप किंवा ट्रॅक्स डोळ्यांपुढे येते, मुंबईत हीच पद्मिनी यायची. अ‍ॅम्बॅसेडरचं स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवायचं म्हणजे जात्यावर बसल्यासारखं.

ब्रेकच्या बाबतीत दोघींत निवडण्यासारखं काही नाही. त्या काळच्या साध्या घडणीत चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर सतत दाबले की तापतात, पाण्यातून गेले की काही वेळ धरत नाहीत. एअरबॅग नाही, आता नव्या गाड्यांत असलेली चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था नाही, मागच्या सीटला पट्टे नाहीत. 'जुना पत्रा जाड, म्हणून गाडी मजबूत' असं लोक म्हणतात. टक्कर झाली की जाड पत्रा चेपत नाही हे खरं, पण मग तो धक्का आतल्या माणसाला बसतो. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेला असतो, तो माणूस वाचावा म्हणून.

अ‍ॅव्हरेजचा वाद

दुसऱ्या भावाचा मुद्दा अ‍ॅव्हरेजचा. हा वाद सर्वांत मोठ्या आवाजात चालतो आणि त्यात सर्वांत कमी पैसे आहेत. नीट राखलेल्या दोन्ही गाड्या लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास देतात असं धरा, डिझेल जरा जास्तच देईल. पाटोदा-बीड जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरले तर आठ-सव्वाआठ लिटर लागतील. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे बारा-पंधरा रुपयांचा फरक धरला, तर एका फेरीमागे शंभर-सव्वाशे रुपये. आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला आठशे ते हजार. तेवढ्यासाठी एक गाडी विकून दुसरी घेण्यात अर्थ नाही. एकदा सेल्फ काढून दुरुस्तीला दिला किंवा क्लच प्लेट बदलली, की कित्येक महिन्यांची ही बचत एका दिवसात जाते.

पेट्रोलबाबत चिंता करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसापासून होतं. आपल्या पाटोदा, आष्टी, शिरूरची माणसं कोयता घेऊन जो ऊस तोडायला जातात, तोच ऊस. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, चांगलं आहे. पण १९९५ ची पद्मिनी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. तिच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात, तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज धरतो. नळी तडकली आणि पेट्रोल गरम इंजिनावर गळलं तर आगीचा धोका आहे. कोणी जुनी पेट्रोल गाडी ठेवतच असेल, तर पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्या आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा. डिझेल अ‍ॅम्बॅसेडर या भानगडीतून सुटलेली आहे.

सुटे भाग आणि मिस्त्री

मुंबईत पद्मिनीचे सुटे भाग सहज मिळतात, असं तुमच्या ह्यांचं म्हणणं असेल. काही वर्षांपूर्वी ते पूर्ण खरं होतं. टॅक्सी हजारोंनी होत्या, म्हणून भाग बनत होते आणि मोडीतल्या गाड्यांतून निघतही होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवसापासून फियाटच्या सुट्या भागांचा मोठा गिऱ्हाईक संपला. भाग अजून मिळतात, कुर्ल्याच्या बाजारात शोधले तर मिळतात, पण आता ते हौशी लोकांच्या भावानं मिळतात.

अ‍ॅम्बॅसेडरचंही हळूहळू तेच होतंय. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीही मुदत संपून निघत चालल्या आहेत. पण तिचं उत्पादन २०१४ पर्यंत चाललं, त्यामुळे तिचे भाग काही वर्षं जास्त टिकतील. कोलकात्याचा मल्लिक बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट इथून ते मागवता येतात.

भागांपेक्षा मोठी अडचण हातांची आहे. मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याच्या स्टँडजवळ एखादा जुना मिस्त्री असतो. पुष्कळ ठिकाणी तो आपल्याच बिरादरीतला, वडिलांकडून काम शिकलेला. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ढिली की बेअरिंग गेलंय, ते सांगणारा. त्याची मुलं आता लॅपटॉप जोडून गाडी तपासायला शिकली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण किंगपिन बसवणं, पाटे बांधणं, डिझेल पंपाचं टायमिंग जुळवणं हे काम त्या म्हाताऱ्या हातांबरोबर जाणार. गाडी ठेवायचा निर्णय घेण्याआधी पाटोद्यात, जामखेडला किंवा बीडला असा मिस्त्री आहे का, आणि तो अजून काम घेतो का, हे विचारून या. मिस्त्री नसेल तर जुनी गाडी ठेवणं म्हणजे हकीम नसलेल्या गावात जुनाट दुखणं पाळणं.

मामूंच्या गाडीबद्दल एक खास सूचना. मुंबईची हवा खारी. वरून ताजा रंग पाहून भुलू नका. पायाखालची मॅटं उचला, दाराच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची जागा आणि मागच्या चाकांजवळचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा नाही, लांबी आणि रंग आहे. मामूंशी नातं जपायचं असेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्या, स्वतः करू नका.

कागदपत्रं

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं नियम बदलला आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीचं हे शुल्क १०,००० रुपये केलं. राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नव्या पद्धतीची नंबर प्लेट वेगळी. मामूंची गाडी घेतली तर मुंबईच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणून बीडला नावावर करावी लागेल. या सगळ्याचा खर्च ६० हजारांत मिळवा, मग गाडी केवढ्याला पडते ते बघा.

'व्हिंटेज म्हणून नोंदवू' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमानुसार गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तुमच्या अ‍ॅम्बॅसेडरला त्यासाठी २०४२ उजाडेल. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

अब्बांची गाडी आता कोणाची?

हे तुम्ही विचारलेलं नाही, पण 'नणंद काही बोलत नाही' हे वाक्य वाचून लिहितो आहे.

भाईजान म्हणतात गाडी घराबाहेर जाणार नाही, तुमचे हे म्हणतात विकू. दोघंही गाडी आपलीच समजून बोलत आहेत. मरहूमांच्या मागे राहिलेली सुईसुद्धा तरक्यात मोजली जाते, मग गाडी कशी सुटेल? दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत वजा करून जे उरतं, त्यात सर्व वारसांचा हक्क आहे. सासऱ्यांचे आईवडील हयात नसतील, तर अम्मींचा आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. समजा गाडीला ८० हजार येतात. अम्मींचे १० हजार. उरले ७० हजार, त्याचे पाच वाटे : दोन भावांना २८-२८ हजार आणि बहिणीला १४ हजार. आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारून हे पक्कं करून घ्या.

भाईजानना निशाणी ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी. पण बाजारभाव ठरवून इतरांचे हिस्से देऊन ठेवावी. बहीण गप्प आहे म्हणजे तिनं हक्क सोडला, असं होत नाही. तिनं समजून-उमजून, आपल्या मर्जीनं सोडला तर गोष्ट वेगळी. आणि हे सरकारी कामालाही लागतंच. मालक वारला की वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. तिथे बाकीच्या वारसांची संमती मागतात. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणजे हे काम आधीच उशिरा चाललं आहे. गाडी मरहूमांच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात अडथळे येतील.

मग काय करावं?

चालवायला सरस कोणती? पद्मिनी. हलकी, चपळ, चढावर पुढे.

पाटोद्याच्या घराला सोयीची कोणती? अ‍ॅम्बॅसेडर. जागा, उंच सीट, कच्च्या रस्त्यावरची चाल, इथेनॉलची चिंता नाही, आणि ती आधीच घरात आहे. तिच्या तीस वर्षांच्या खोडी घरच्यांना माहीत आहेत, मामूंच्या गाडीच्या खोडी शिकायला पैसे पडतील. तेव्हा मामूंना प्रेमानं नाही म्हणा.

अम्मींना बीडला कशातून न्यायचं? या दोन्हींपैकी कशातूनही नाही.

डायलिसिस करून परतणारा माणूस थकलेला असतो. कधी रक्तदाब उतरतो, गरगरतं, मळमळतं. अशा वेळी मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली, बाहेर ऊन, सोबत एकटी सून, तर अश्वशक्ती आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही कामाला येत नाहीत. तिथे एकच गुण लागतो : दर वेळी सुरू होणं आणि दर वेळी पोचणं. तीस वर्षांची कोणतीही गाडी, कितीही राखलेली असली, तरी ही हमी देत नाही. आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला शंभरच्या वर फेऱ्या. एखादी फेरी चुकली तर सोहळा बुडत नाही, उपचार बुडतो.

म्हणून मामूंच्या गाडीसाठी ठेवलेले ६० हजार बाजूला ठेवा. त्यात दोघा भावांनी आपापली भर घालून एखादी वापरलेली, लहान, नव्या काळातली गाडी बघा. वॅगनआरसारखी उंच सीटची असली तर अम्मींना बसायला सोपी जाईल. सर्व्हिसचं पुस्तक असलेली, एकाच मालकाची, बीडमध्ये सर्व्हिस सेंटर असलेली घ्या. व्याजाचं कर्ज टाळायचं असेल, तर पैसे जमेपर्यंत गावातल्या एका भरवशाच्या गाडीवाल्याशी महिन्याचा ठराव करा : अमुक वार, अमुक वेळ, अमुक रक्कम, आणि त्याची गाडी नसेल त्या दिवशी दुसरी देण्याची जबाबदारी त्याची. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. जाताना कधी तो पर्यायही ठेवा, पण परतताना नाही.

आणि बहीण, तुम्ही गाडी जरूर शिका. या पत्रातली सर्वांत कामाची ओळ तीच आहे. रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, शिकाऊ लायसन्स काढून शिका. अ‍ॅम्बॅसेडरवर शिकू नका. जड स्टिअरिंग, दांड्याचा गिअर आणि ड्रम ब्रेक यांच्यावर शिकणाऱ्याचा अर्धा जीव गाडीशी झगडण्यात जातो, रस्त्याकडे लक्ष उरत नाही. पक्कं लायसन्स मिळाल्यावरही पहिले दोन महिने घाटात कोणाला तरी शेजारी बसवा.

भाईजानना सांगा, अब्बांची अ‍ॅम्बॅसेडर ईदच्या दिवशी ईदगाहला जाऊ दे, पावसाळ्यात मुलांना सौताड्याचा धबधबा दाखवायला जाऊ दे, घरातल्या निकाहला सजू दे. हिस्से चुकते झाले, कागद नावावर झाले आणि मिस्त्री सापडला, तर ती आणखी दहा वर्षं नांदेल. यातलं एक जरी जमलं नाही, तर चांगला गिऱ्हाईक बघून सन्मानानं द्या. अंगणात गंजत ठेवलेली गाडी कोणाचीच निशाणी राहत नाही.

हा अंक दोघा भावांना वाचायला द्या, पण जेवण झाल्यावर. अल्लाह अम्मींना शिफा देवो.